पाटी कुणाची, पगार कुणाचा

उन्हाळी परीक्षांचे निकाल लागले, की इंग्रजी विभागातल्या माझ्या टेबलासमोर दोन-तीन विद्यार्थी हमखास येऊन बसतात. तासिका तत्त्वावरच्या कामाचा दर त्यांना ठाऊक असतो, आणि कायम नेमणुकीच्या जाहिरातीची वाट पाहून केस पिकलेले ‘सीनियर’ त्यांनी पाहिलेले असतात. तेव्हा त्यांचा प्रश्न साधा असतो. ‘मॅडम, जपानला किंवा कोरियाला इंग्रजी शिकवायला जायचं असेल तर सरकारी शाळा बरी की खासगी?’ प्रश्नासोबत कुठूनतरी छापून आणलेला एक तक्ता असतो. डाव्या रकान्यात सरकारी शाळा, उजव्या रकान्यात खासगी. खाली पगार, सुट्ट्या, वर्गातील मुलांची संख्या, राहण्याची सोय, संध्याकाळ मोकळी की सकाळ. प्रत्येक ओळीत गुणदोष मांडलेले, आणि शेवटी ठरलेला समारोप : दोन्हींचे आपापले फायदे आहेत, आपल्या स्वभावानुसार निवड करावी.

हा तक्ता मी आजवर अनेक हातांत पाहिला आहे आणि दर वेळी त्याचा राग आला आहे. त्यात समोर बसणारा विद्यार्थी नावालाही नसतो. वर्गात तीस मुले असतील की सहा, एवढ्यापुरता तो येतो, म्हणजे ओझ्याचे वजन सांगावे तसा. शिकवणे ही दोन बाजूंची गोष्ट आहे हे ज्या कागदाला ठाऊकच नाही, तो कागद शिक्षकी पेशाची दिशा ठरवायला निघाला आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे वाचकाला शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही. निवड करायची संधी असेल तर सरकारी शाळा निवडावी. ती तुम्हाला सुखाची होईल म्हणून नव्हे, अनेकदा होणारही नाही. आणि हे मी खासगी संस्थेचे मीठ खाऊन सांगत आहे.

आधी पासपोर्टाची गोष्ट उरकून घेऊ, कारण तक्ता तिच्याविषयीही मौन पाळतो. हे तक्ते लिहिले गेले ते महाविद्यालय संपवून वर्षभर जग पाहायला निघालेल्या अमेरिकी, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन तरुणांसाठी. आमची मुले ते आपल्यासाठीच लिहिल्यासारखे वाचतात. दक्षिण कोरियात परकीय भाषा शिकवण्याचा जो ई-२ व्हिसा आहे, तो इंग्रजीसाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांपुरता ठेवलेला आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला आणि त्याने एक फट उघडली : इंग्रजीची पदवी आणि शिक्षकी पात्रता असलेल्या भारतीय नागरिकाला तेथील शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून काम करता येऊ शकते. शाळांत, ‘हागवॉन’ नावाच्या खासगी शिकवणी-संस्थांत नाही. म्हणजे कोरियात भारतीयापुरता प्रश्न कागदावर तरी सुटलेलाच आहे.

जपानची तऱ्हा उलटी. तेथे राष्ट्रीयत्वाची यादी नाही. परंतु शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून परकीय भाषा शिकवायची, तर त्या निवास-परवान्याच्या नियमानुसार तुमचे किमान बारा वर्षांचे शिक्षण त्याच भाषेतून झालेले असावे लागते. खासगी संभाषण-वर्ग चालवणारी कंपनी मात्र ज्या वेगळ्या परवान्यावर माणसे आणते, त्याला साधारणपणे पदवी पुरते. तेव्हा मराठी माध्यमातून दहावी झालेल्या, नंतर इंग्रजी वाङ्मयात एम. ए. केलेल्या मुलीला जपानी सरकारी शाळेचे हे दार नियमानेच बंद, आणि संभाषण-वर्गाचे उघडे. शेक्सपिअरवर शंभर गुणांची प्रश्नपत्रिका सोडवलेली मुलगी नापास, आणि इंग्रजी माध्यमात ढकलगाडीने बारावी झालेला मुलगा पास. भाषा येते की नाही यापेक्षा ती कोणत्या दाराने घरात आली, याला महत्त्व देणारा हा नियम आहे. सरकारी शाळेची बाजू घेताना तिच्या दारावरचा हा अन्याय मी झाकून ठेवणार नाही.

माझ्यासाठीही ते दार बंदच होते. माझे शिक्षण सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि पुढे रयतच्या शाळेत झाले. २००८ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे तोक्योला गेले, ते निशी-कासाई नावाच्या वस्तीत. संगणक क्षेत्रातली भारतीय कुटुंबे तेथे दाटीने राहतात. पतीच्या परवान्यावर आलेल्या पत्नीला वेगळी परवानगी काढून आठवड्याला अठ्ठावीस तासांपर्यंत काम करता येते. तेवढ्या तासांत बसणारे काम म्हणजे रेल्वे स्थानकाजवळच्या एखाद्या इमारतीतला इंग्रजी संभाषणाचा वर्ग. मी तेथे वीस महिने शिकवले.

त्या काळाची थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. ‘नोव्हा’ ही जपानमधील सर्वांत मोठी संभाषण-शाळा २६ ऑक्टोबर २००७ रोजी दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात गेली होती. स्थानकासमोरच परदेशी जाऊन शिकल्याचा लाभ, अशा आशयाची तिची जाहिरात होती आणि एक गुलाबी ससा घराघरांत ओळखीचा झालेला होता. तिचा सारा डोलारा आगाऊ विकलेल्या तासिकांवर उभा होता. शेकडो तास एकदम विकत घ्या, म्हणजे दर स्वस्त. मध्येच सोडायचे म्हटले, की परताव्याचा हिशेब मात्र महागड्या दराने. एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब अवैध ठरवला, जूनमध्ये मंत्रालयाने ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल दीर्घ मुदतीचे नवे करार करायला सहा महिन्यांची बंदी घातली, आणि चार महिन्यांत इमला कोसळला. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले, काहींची कंपनीने दिलेली घरेही गेली. कामगार संघटनेने जेवणाच्या बदल्यात धडा अशी सोय सुरू केल्याच्या बातम्या जगभर गेल्या. लाखो विद्यार्थ्यांनी आगाऊ भरलेले पैसे अडकले. २०१० मध्ये ‘जिओस’ ही दुसरी मोठी संस्थाही त्याच वाटेने गेली.

माझी संस्था यांपैकी नव्हती, लहान होती, आणि पगार वेळेवर देत होती. म्हणूनच तिच्याविषयी लिहिणे अधिक महत्त्वाचे वाटते. बुडणाऱ्या दुकानाचा दोष सगळ्यांना दिसतो. मला नीट चालणाऱ्या दुकानाविषयी बोलायचे आहे.

पहिल्या आठवड्यात व्यवस्थापकांनी अत्यंत सौजन्याने सुचवले, की मी कोणत्या देशाची हे विद्यार्थ्याने विचारल्याखेरीज सांगू नये. माहितीपत्रकावर सगळ्या शिक्षकांची छायाचित्रे होती, माझे नव्हते. मला वाईट वाटले, पण धक्का बसला नाही. ‘नेटिव्ह स्पीकर’ हा त्या बाजारातला माल आहे, आणि मालाच्या वेष्टनावर माझा चेहरा शोभणार नव्हता. या गोष्टीची तक्रार आपल्याकडे सगळेच करतात. मलाही करता येईल आणि वाचकांची सहानुभूती मिळेल. पण मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे. तिच्यात माझ्यावर अन्याय झाला नाही, तो मी केला.

दर तीन महिन्यांनी विद्यार्थ्याची ‘पातळी’ तपासायची असे. त्याचा तक्ता शिक्षकाने भरायचा आणि मग व्यवस्थापकांसोबत बसून ‘समुपदेशन’ करायचे. यातला गाभा लेखी कुठेच नव्हता, पण तो सगळ्यांना पाठ होता : ज्याचा करार संपत आला आहे, त्याला वरच्या पातळीवर आताच पाठवू नये. पूर्ण निराशही करू नये. थोडेसे उरले आहे असे सांगावे. आशा आणि अपुरेपणा यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या जागेत माणूस जितका काळ उभा राहील, तितका काळ तो पैसे भरतो. एका मिठाईच्या दुकानात काउंटरवर काम करणारी एक बाई माझ्याकडे बुधवारी येत असे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. परदेशी गिऱ्हाइकाशी बोलताना घाबरू नये, एवढेच तिला हवे होते. आठ-नऊ महिन्यांत तिला ते येऊ लागले होते. ती हसून बोले, चुकली तर स्वतःच दुरुस्त करी. करार संपण्याच्या आधी मी व्यवस्थापकांशेजारी बसून तिला सांगितले, की तुमच्या भूतकाळाच्या रूपांत अजून गडबड आहे, आणखी चाळीस तासिका घेतल्यात तर आत्मविश्वास येईल. तिने वाकून आभार मानले आणि पैसे भरले. ती रक्कम तिच्या महिन्याच्या पगाराचा केवढा भाग होती, याचा अंदाज करण्याइतके जपानी मला तोवर येत होते.

खासगी संस्थेविरुद्ध माझा मुख्य आक्षेप हा आहे. तेथे शिक्षक दुष्ट असतात असे नव्हे. माझे सहकारी चांगले होते, काही तर मन लावून शिकवणारे होते. पण जेथे विद्यार्थ्याचे शिकून मोकळे होणे हाच संस्थेचा तोटा असतो, तेथे शिक्षकाच्या चांगुलपणाला एक मर्यादा आधीच आखून दिलेली असते. सरकारी शाळेतला शिक्षक आळशी असेल, बावळट असेल, पण सहावीतल्या मुलाला सहावीतच ठेवण्यात त्याचा कसलाही फायदा नसतो.

येथे वाङ्मयाचे अभ्यासक जेम्स जॉइसकडे बोट दाखवतील, आणि दाखवावेच. १९०४ मध्ये जॉइस पोला येथे आणि पुढच्या वर्षी त्रिएस्त येथे बर्लिट्झच्या शाळेत इंग्रजी शिकवत होता. मॅक्सिमिलियन बर्लिट्झने १८७८ मध्ये अमेरिकेत काढलेल्या पहिल्या शाळेपासून या धंद्याचा साचा तयार झाला : शिकवणारा त्याच भाषेचा, वर्गात दुसरी भाषा उच्चारायची नाही, आणि शुल्क तासांवर. पोलात जॉइसचे विद्यार्थी ऑस्ट्रो-हंगेरियन नौदलाचे अधिकारी होते. पुढे त्रिएस्तमध्ये खासगी शिकवणीला आला एत्तोरे श्मित्झ हा रंगांच्या कारखान्याशी संबंधित व्यापारी. त्याला लंडनच्या व्यवहारासाठी इंग्रजी हवे होते. त्याच्या विस्मृतीत गेलेल्या कादंबऱ्या जॉइसने वाचल्या, त्याला उत्तेजन दिले, आणि इतालो स्वेव्हो या नावाने तो १९२३ मध्ये ‘झेनो’सह परत आला. खासगी शिकवणीतून एवढे फळ मिळते, तर तिला नावे का ठेवायची?

फळ खरे आहे. पण ते शिकवणीचे फळ नव्हते, शिकवणी बाजूला सारून दोन वाचणाऱ्या माणसांनी जे बोलणे केले त्याचे होते. आणि स्वेव्होला पैसे भरणे परवडत होते, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात आपण सहसा वाचत नाही. त्रिएस्तच्या गोदीतल्या मजुराच्या वाट्याला जॉइस आला नाही.

याउलट लाफ्काडिओ हर्न. आई ग्रीक, वडील आयरिश, जन्म ग्रीक बेटावर, उमेदवारी अमेरिकेत. आजच्या भरती-अधिकाऱ्याने त्याला ‘नेटिव्ह’ म्हटले असते की नाही, कुणास ठाऊक. १८९० मध्ये तो मात्सुए या आडबाजूच्या गावी सरकारी माध्यमिक शाळेत आणि अध्यापक विद्यालयात इंग्रजी शिकवायला गेला. १८९४ च्या त्याच्या पुस्तकात इंग्रजी शिक्षकाच्या रोजनिशीवर एक दीर्घ लेख आहे. त्यात मुलांचे निबंध आहेत, वर्गातले प्रश्न आहेत, आणि आजारपणात गेलेल्या विद्यार्थ्यांविषयीची पाने आहेत. हर्नच्या जपान-प्रेमात भाबडेपणा भरपूर आहे, त्यावर टीका झाली आहे आणि ती बरोबर आहे. पण त्या लेखातली मुले त्याला कुणी विकलेली नाहीत, आणि त्याने त्यांना काही विकलेले नाही. एक गाव, एक शाळा, तीच मुले रोज, त्यांचे मुख्याध्यापक, त्यांची प्रार्थना. तोक्यो विद्यापीठातली त्याची जागा १९०३ मध्ये नात्सुमे सोसेकीकडे गेली. सोसेकीही मात्सुयामा नावाच्या अशाच एका गावी १८९५ मध्ये माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून आलेला होता, आणि त्या अनुभवातून ‘बोच्चान’ ही छोटी कादंबरी निघाली. शिक्षकांची खोली किती क्षुद्र असू शकते, हे तिच्याइतक्या गमतीने कमी ठिकाणी आले असेल. सरकारी शाळेने वाङ्मयाला निदान हे दिले : बाहेरच्या माणसाला एका समाजाच्या आत उभे केले, आणि मग तेथे जे दिसले ते दिसले.

आता सरकारी शाळेची दुसरी बाजू. परदेशी साहाय्यक शिक्षकांची सर्वांत जुनी तक्रार अशी, की आम्ही म्हणजे चालतेबोलते ध्वनिमुद्रणयंत्र. जपानी शिक्षकाने खूण करावी, यांनी वाक्य वाचावे, मुलांनी ते म्हणावे. जपानचा ‘जेट’ कार्यक्रम १९८७ मध्ये चार देशांतल्या ८४८ जणांना घेऊन सुरू झाला. त्यातला साहाय्यक जास्तीत जास्त पाच वर्षे राहतो, शाळा त्याच्या निवडीची नसते, आणि वर्गाचा प्रमुख तो कधीच नसतो. कोरियाचा ‘एपिक’ कार्यक्रम १९९५ चा, आणि १९९७ पासून तिथे तिसरीपासून इंग्रजी आले. दोन्हीकडे परदेशी शिक्षकाला शोभेची वस्तू करून ठेवण्याचा मोह यंत्रणेत आहे. हे सगळे मान्य. पण शोभेची वस्तू वर्गात असते तेव्हा शेजारी खरा शिक्षक असतो, तो ती मुले पुढच्या वर्षीही पाहणार असतो, आणि त्याच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ असते. ‘मी मुख्य नाही’ ही भावना तरुण पदवीधराला अपमानाची वाटते. मला ती परदेशात शिकवायला गेलेल्या माणसाची पहिली आणि योग्य जागा वाटते.

तथापि आणखी एक गुंता आहे, आणि ‘सरकारी की खासगी’ हा प्रश्न तेथे पार उलटा होतो. जपानमधल्या अनेक शिक्षण-मंडळांनी साहाय्यक शिक्षक स्वतः नेमण्याऐवजी कंपन्यांकडून घ्यायला सुरुवात केली. त्यातला एक प्रकार निव्वळ कंत्राटाचा. अशा करारात शिकवणाऱ्या माणसाला सूचना देण्याचा अधिकार त्याच्या कंपनीचा असतो. शाळेतल्या शिक्षकाने वर्गात त्याला थेट ‘आता हे वाच, आता यांच्या गटाकडे जा’ असे सांगितले, तर ते कामगारविषयक कायद्याचे उल्लंघन ठरू शकते. एका फळ्यासमोर दोन शिक्षक उभे, आणि एकाने दुसऱ्याला काही सांगायचे नाही. निशी-कासाईजवळच्या एका प्राथमिक शाळेत ‘आंतरराष्ट्रीय ओळखी’च्या तासाला मला पालक म्हणून बोलावले, तेव्हा असा एक तरुण मी पाहिला. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात वर्गशिक्षिका त्याच्याशी खडू ठेवण्याविषयीही बोलली नाही. मला तो तिचा तुसडेपणा वाटला. करार कळला तो पुष्कळ नंतर.

येथे मला माझीच शाळा आठवते. महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळेवर पाटी असते एका संस्थेची आणि शिक्षकाचा पगार येतो सरकारकडून. रयत १९१९ ची. त्याआधी १८८० मध्ये पुण्यात चिपळूणकर, टिळक, आगरकरांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले तेही खासगीच, आणि शिकवायचे होते ते इंग्रजीच, जिला आपण वाघिणीचे दूध म्हणत आलो. त्यांना खासगी म्हणून धंदेवाईक ठरवणे हास्यास्पद होईल. म्हणजे आमच्याकडे पाटी खासगी आणि पगार सरकारी, तर जपानच्या त्या वर्गात पाटी सरकारी आणि पगार खासगी. तेव्हा इमारतीवरच्या नावावरून काहीच ठरत नाही. शिकवणाऱ्याला पैसे कोण देतो, ते कोणत्या नावाखाली देतो, आणि मूल शिकून मोकळे झाले तर त्याचा काही तोटा होतो का, हे पाहावे लागते. सरकारी शाळा निवडा असे मी म्हणते तेव्हा मला जेथे नगरपालिका किंवा शिक्षण-मंडळ स्वतः करार करते, अशी शाळा अभिप्रेत आहे. भाड्याने आणलेल्या माणसांची सरकारी शाळा हे उजव्या रकान्यातलेच प्रकरण, डाव्या रकान्यात दडवलेले.

कोरियाविषयी थोडक्यात. तेथे संध्याकाळच्या शिकवण्यांवर कुटुंबांचा जो पैसा जातो, तो सरकारी पाहणीनुसार २०२४ मध्ये २९ लाख कोटी वॉनच्या पुढे गेला. हा रोग दडपशाहीने बरा होत नाही हेही त्या देशाने पाहिले आहे. १९८० मध्ये लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर बंदी घातली. लपूनछपून सगळे चालूच राहिले, आणि २००० मध्ये घटना न्यायालयाने ती बंदी मोडीत काढली. सोलमध्ये रात्री दहानंतर शिकवणी घेऊ नये असा नियम करावा लागला आणि २००९ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरला. मुलांनी रात्री दहाला तरी घरी जावे, हे सांगायला न्यायालय लागते! वर्ष पूर्ण झाले की शिक्षकाला सुमारे महिन्याच्या पगाराइतकी निवृत्ती-रक्कम द्यावी लागते, म्हणून अकराव्या महिन्यात काढून टाकल्याच्या तक्रारी तेथील परदेशी शिक्षक वर्षानुवर्षे करत आले आहेत. व्हिसा मालकाला बांधलेला, त्यामुळे भांडायचे तर देश सोडायच्या तयारीने. आखातातल्या भारतीय शाळांमध्ये आपले असंख्य शिक्षक आहेत. तो स्वतंत्र विषय आहे, आणि तेथे खासगीला पर्यायच जवळपास नसतो. असो.

माझे खरे भांडण आहे ते आपल्याच विभागांशी. काच्रूची तीन वर्तुळे आम्ही शिकवतो, फिलिपसनचा १९९२ चा भाषिक साम्राज्यवाद शिकवतो, इंग्रजी वाङ्मय हा अभ्यासविषय म्हणून आधी वसाहतीत घडला हे गौरी विश्वनाथन यांचे १९८९ चे प्रतिपादन प्रश्नपत्रिकेत वीस गुणांना विचारतो. आणि त्याच जिन्याखालच्या खोलीत ‘न्यूट्रल अॅक्सेंट’ची कार्यशाळा भरवतो, बाहेरून प्रशिक्षक बोलावून, शुल्क घेऊन. विद्यार्थ्याने यातून काय समजायचे? वसाहतवादाची चिकित्सा हा परीक्षेचा भाग आणि उच्चार पुसून टाकणे हा आयुष्याचा भाग, असेच ना? मग तो माझ्याकडे तक्ता घेऊन येतो आणि मी त्याला दोष देते.

‘पण मॅडम, त्यांना आपल्यासारखे कुणी नकोच असते’, हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. बाजाराविषयी ते खरे आहे. मात्र बाजार एखादा चेहरा नाकारतो तेव्हा त्याला कारण द्यावे लागत नाही, ‘गिऱ्हाइकाची पसंती’ म्हटले की विषय संपतो. सरकारला नियम लिहावा लागतो. बारा वर्षांचा नियम अन्यायाचा आहे, पण तो लिहिलेला आहे, म्हणून त्याच्याशी भांडता येते. कोरियाची फट अशाच लिहिलेल्या कराराने उघडली. आणि निशी-कासाई ज्या एदोगावा विभागात आहे, तेथून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले, २०२२ मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी उच्च माध्यमिक शाळेचे उपमुख्याध्यापक आणि २०२३ मध्ये मुख्याध्यापक झाले. इंग्रजीचे शिक्षक म्हणून नव्हे, हे लक्षात घेऊनही मला ही घटना मोठी वाटते. माझ्या संस्थेच्या माहितीपत्रकावर ज्या चेहऱ्याला जागा नव्हती, तसा चेहरा एका सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसला.

या वर्षी आलेली मुलगी सोलापूर जिल्ह्यातली, मराठी माध्यमाची. जपानच्या नियमाचे तिला सांगितले तेव्हा तिने डोळ्यांत पाणी आणले नाही, हिशेब केला. कोरियासाठी बी. एड. लागेल का, दोन वर्षे जातील का, जागा खरोखर निघतात का, हे विचारले. जागा थोड्या निघतात आणि कराराचे कलम असले तरी त्यावर अवलंबून राहू नकोस, असे मी सांगितले. तक्ता उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर तिने लिहून घेतले : करार कुणाशी, सूचना कुणाच्या, मूल गेले तर तोटा कुणाला. मग पेन बंद करता करता तिने विचारले, ‘मॅडम, त्या मिठाईच्या दुकानातल्या बाईंना तुम्ही नंतर कधी खरं सांगितलंत का?’

मी नाही म्हटले. पुढचे तीन बुधवार ती आली होती. मग माझे वीस महिने संपले, आणि तिच्या उरलेल्या सदतीस तासिका दुसऱ्या कुणीतरी घेतल्या असतील.